हवा एक अंशाने तापली, तर डोंगर आतून किती तापतो?

उत्तरकडा | रविवार, सकाळी १०:१२

मागच्या महिन्यात आई-बाबा नाशिकहून इकडे झुरिचला आले होते. त्यांना घेऊन एंगाडिन खोऱ्यात गेले. कॉरवाच डोंगरावर जाणाऱ्या केबलकारचं मधलं स्टेशन म्हणजे मुर्टेल, साधारण २७०० मीटरवर. तिथून जवळच दगडांचा एक प्रचंड पसारा दिसतो. ताटात ओतलेलं घट्ट पिठलं सुरकुत्या घेत थांबतं ना, तसा तो उतारावरून खाली आलेला आहे. दिसायला नुसते धोंडे, पण त्यांच्याखाली बर्फ भरलेला आहे आणि तो सगळा ऐवज वर्षाला काही सेंटिमीटर पुढे सरकतो. याला रॉक ग्लेशियर म्हणतात. १९८७ मध्ये यात जवळपास ६० मीटर खोल बोअरहोल पाडून आत सेन्सरची माळ सोडली. आल्प्समधल्या गोठलेल्या जमिनीच्या तापमानाची इतकी जुनी नोंदमालिका दुसरी नाही.

हे सगळं आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "म्हणजे हवा एक अंशाने तापली की हा डोंगरही एका अंशानेच तापणार ना गं?"

उत्तर "नाही" असं आहे. पण का नाही, ते केबलकारच्या रांगेत धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मी खडकातल्या बोगद्यांचं आणि पायाचं काम करते, त्यामुळे हा विषय रोजच्या कामात येतो.

आधी एक शब्द. सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जी जमीन शून्य अंशावर किंवा खाली राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. हिमनदी डोळ्यांना दिसते, पर्माफ्रॉस्ट दिसत नाही. तो खडकाच्या भेगांत आणि धोंड्यांच्या खाली असतो. उन्हाळ्यात त्याच्यावरचा थर वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालचा भाग मात्र शतकानुशतकं गोठलेला असतो.

आता हवा आणि ही जमीन यांच्यामध्ये बरंच काही आहे. बर्फाची चादर आहे, दगडांमधल्या पोकळ्या आहेत, झिरपणारं पाणी आहे, आणि कड्याचं तोंड कुठे आहे तेही आहे. आल्प्समध्ये एकाच शिखराचा दक्षिणेकडचा उभा कडा आणि उत्तरेकडचा उभा कडा यांच्या पृष्ठभागाच्या सरासरी तापमानात ७-८ अंशांचा फरक असू शकतो. हवा दोन्हीकडे जवळपास तीच. फरक उन्हाचा.

धारदार कड्याच्या पोटात उष्णता नुसती वरून खाली जात नाही, आडवीही जाते. दक्षिणेकडून शिरलेलं ऊन खडकातून उत्तरेकडच्या गोठलेल्या अंगाला पोचतं. सपाट जमिनीला ऊब एकाच बाजूने लागते, शिखराला दोन-तीन बाजूंनी. माथ्याचा भाग म्हणूनच पायथ्याच्या सपाटीपेक्षा लवकर तापतो.

पायवाट | रविवार, सकाळी ११:३०

वाचतेय. बर्फाबद्दल सविस्तर लिही ना, तिथेच थांबलीस.

गारठा | रविवार, दुपारी १:०५

उत्तरकडा ताई, छान विषय. पण एक शंका आहे. बर्फ थंड असतो. हवामान तापलं की बर्फ कमी पडणार, मग जमीन उघडी पडून जास्त तापणार. सरळ हिशेब वाटतो. त्यात गुंतागुंत कसली?

उत्तरकडा | रविवार, दुपारी ३:४८

@गारठा, हा हिशेब अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा बरोबर उलटा आहे.

ताज्या पडलेल्या बर्फात हवा जास्त असते आणि बर्फाचे कण कमी. त्यामुळे तो गोधडीसारखं काम करतो. गोधडी स्वतः गरम नसते, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. साधारण ८० सेंटिमीटर बर्फ साठला की बाहेरच्या थंडीचा जमिनीशी संबंध जवळपास तुटतो. बाहेर उणे २० असो नाहीतर उणे ५, खालच्या जमिनीला फारसं कळत नाही. १९७० च्या दशकात विल्फ्रीड हेबेर्ली या स्विस संशोधकांनी याचाच उपयोग करून घेतला. हिवाळ्याच्या शेवटी जाड बर्फातून काठी खुपसायची आणि तळाचं तापमान मोजायचं. उणे ३ पेक्षा कमी आलं तर खाली पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता मोठी, उणे २ पेक्षा जास्त आलं तर तो बहुधा नाही. काठी आणि तापमापक एवढ्यावर अख्ख्या उतारांचे नकाशे तयार झाले.

म्हणून बर्फ *किती* पडला यापेक्षा *कधी* पडला हे महत्त्वाचं. ऑक्टोबरमध्येच जाड थर बसला, तर उन्हाळ्याची ऊब आत कोंडली जाते आणि जमीन हिवाळाभर नीट थंडच होत नाही. तोच बर्फ जानेवारीत आला, तर मधल्या दोन-तीन महिन्यांत उघडी जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकते. वसंतात पुन्हा चक्र उलटं. बर्फ जूनअखेरपर्यंत टिकला तर तो बहुतेक ऊन परत फेकतो आणि जमीन झाकलेली राहते. मे महिन्यातच गेला, तर वर्षातलं सगळ्यात उंचावरचं ऊन थेट काळ्या दगडावर.

खरोखर घडलेलं सांगते. २०१६-१७ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फ उशिरा आणि कमी पडला. हवेचं तापमान वर्षानुवर्षं वाढतंय, तरीही त्यानंतर अनेक ठिकाणच्या जमिनीचं तापमान तात्पुरतं खाली आलं, आणि रॉक ग्लेशियरांचा वेगही मंदावला. त्या आलेखाचा तेवढाच तुकडा दाखवून कुणी म्हणेल, बघा, डोंगर थंड होतोय. पुढच्या वर्षांत रेषा पुन्हा वर चढली.

उभ्या कड्यावर मात्र बर्फ टिकतच नाही. तिथे गोधडीही नाही आणि छत्रीही नाही. असा कडा हवेच्या बदलाला सगळ्यात थेट सामोरा जातो. तुझा सरळ हिशेब लागू पडलाच, तर तिथे.

हळदपेठ | रविवार, रात्री ८:२०

मी सांगलीचा. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. पण तुमचं वाचून आमच्या हरिपूरची पेवं आठवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : जमिनीत खोल, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असा खड्डा खणायचा, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी राहायची. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं कामातून गेली. आजोबा म्हणायचे, वर मे असो नाहीतर डिसेंबर, पेवाच्या पोटात एकच ऋतू. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून आतली हवा बघायचे.

विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, तेही यामुळेच ना?

उत्तरकडा | रविवार, रात्री ११:०२

हळदपेठ काका, अगदी यामुळेच. आणि आजोबांचं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे.

दिवसाची ऊब खडकात हातभर खोलीपर्यंतसुद्धा जेमतेम पोचते, तेवढ्यात रात्र होते. वर्षाची लाट मात्र खोल जाते, पण जाताना दोन गोष्टी होतात. ती क्षीण होत जाते आणि तिला उशीर होत जातो. साध्या खडकात १० मीटरवर हा उशीर जवळजवळ सहा महिन्यांचा असतो. म्हणजे जुलैची ऊब तिथे जानेवारीत हजर होते, आणि तोवर तिचा विसावा हिस्साही उरलेला नसतो. १५-२० मीटरच्या खाली ऋतू कळतच नाहीत. तोच पेवाचा एकच ऋतू.

त्याच्याही खाली जे तापमान असतं, ती जुन्या काळाची नोंद असते. १९९८ पासून युरोपात स्पेनच्या सिएरा नेवाडापासून थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांपर्यंत खोल बोअरहोलांची एक साखळी उभी करण्यात आली. त्यातली बरीच १०० मीटर खोल आहेत. सेन्सर खाली उतरवत नेले की गेल्या शतकातली ऊब कुठपर्यंत शिरली आहे ते वाचता येतं. आज हवा तापायची थांबली, तरी वाटेत असलेली ही उष्णता पुढची अनेक दशकं खाली जातच राहणार.

आता या सगळ्या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते.

शाळेतली अप्रकट उष्मा आठवते? शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळवून शून्य अंशाचंच पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. त्यामुळे बर्फाने भरलेली जमीन शून्याजवळ आली की तिचा आकडा अडकतो. उष्णता येतच असते, पण ती तापमान वाढवत नाही, बर्फ वितळवते. दर वसंतात आणि शरदात वरच्या थरात हे दिसतं. आलेखात आठवडेच्या आठवडे शून्यावर सपाट रेघ.

आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २०१९ च्या अहवालात डोंगराळ भागातला पर्माफ्रॉस्ट दशकभरात सरासरी ०.१९ अंशाने तापल्याचं दिलं आहे. आकडा छोटा वाटतो. पण उणे ५ वरून उणे ४ ला जाणारी कोरडी जमीन एक पूर्ण अंश दाखवते, आणि उणे ०.३ वर असलेली बर्फाळ जमीन त्याहून जास्त उष्णता पिऊनही जागच्या जागी दिसते. आकडा हलत नाही, तेव्हाच आत सगळ्यात जास्त बदल चाललेला असू शकतो. म्हणून आईच्या प्रश्नाला अंशात उत्तर देता येत नाही.

आणि हा अडकलेला आकडा एकदा सुटला की उडी मारतो. शिल्टहॉर्न हा बर्नच्या बाजूचा जवळपास ३००० मीटरचा डोंगर. तिथे उन्हाळ्यात वरचा सुमारे ५ मीटरचा थर वितळायचा. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तो जवळपास ९ मीटर झाला, एकाच उन्हाळ्यात. जास्तीचा जो थर वितळला त्यातला बर्फ पाणी होऊन निघून गेला. पुढच्या उन्हाळ्याला तेवढा अडसर कमी.

मुक्कामपोस्ट_लेह | सोमवार, सकाळी ७:१५

लडाखमध्ये रस्त्याच्या कामावर नऊ वर्षं काढली, आता पुण्यात निवृत्त आहे. आल्प्सचे नियम तिकडे जसेच्या तसे लावू नका, एवढ्यासाठी लिहितो.

खारदुंग लाच्या वाटेवर दक्षिण पुल्लू लागतं, ४७२७ मीटर. आपल्याकडची कितीतरी मुलं बुलेटवरून तिथून जातात. तिथे जमिनीच्या उष्णतेच्या देवाणघेवाणीची सलग दोन वर्षं मोजणी झालेली आहे. हवा विरळ आणि कोरडी, ऊन अंग भाजणारं, आणि सूर्य गेला की ढगांचं पांघरूण नसल्याने जमीन भराभर उष्णता आकाशाला देते. बर्फ कमी, आणि जो पडतो त्यातला बराच पाणी न होताच थेट वाफ होऊन जातो. त्या वाफ होण्यातही जमिनीची उष्णता खर्च होते. या कोरडेपणामुळेच भर उन्हात तापणाऱ्या उतारांखालीही गोठण टिकते.

आम्हाला त्रास व्हायचा तो डांबराचा. काळा रस्ता ऊन पितो, खालची गोठलेली माती सुटते, रस्ता लाटांसारखा होतो. मशीनने सपाट करायचा, दोन उन्हाळ्यांत पुन्हा तेच. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की दोष रस्त्याच्या थरात नसून खाली जाणाऱ्या उष्णतेत आहे.

चीनने गोलमुड ते ल्हासा रेल्वे २००६ मध्ये सुरू केली, त्यातला साधारण ५५० किलोमीटरचा पट्टा पर्माफ्रॉस्टवरून जातो. तिथे त्यांनी रुळांखाली मोठ्या मोकळ्या दगडांचा भराव घातला. हिवाळ्यात जड थंड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि आतली ऊब वर निघते. उन्हाळ्यात थंड हवा तळाशी बसून राहते, वरची गरम हवा आत शिरत नाही. म्हणजे थंडीला आत यायला दार आहे, उष्णतेला नाही. शिवाय कडेला अमोनिया भरलेल्या नळ्या उभ्या केल्या आहेत. त्याही फक्त हिवाळ्यात चालतात, जमिनीतली ऊब वर आणून हवेत सोडतात. वीज लागत नाही. फार मनापासून आवडलेलं काम आहे ते.

उत्तरकडा | सोमवार, सकाळी ९:४०

काका, तुमचा प्रतिसाद धाग्यात वर लावावा असा आहे. आणि तो दगडांचा भराव म्हणजे मुर्टेलचाच वरचा थर! तिथे नैसर्गिकरीत्या मोठमोठे धोंडे आहेत आणि थंड हवा त्यांच्यात अशीच मुरते. म्हणूनच शेजारच्या बारीक मातीच्या उतारापेक्षा त्याखालची जमीन थंड राहते. हवा तापत गेली तरी असे धोंड्यांचे उतार इतरांपेक्षा उशिरा हार मानतील.

पायवाट | सोमवार, दुपारी १२:२५

एक विचारू? मी दरवर्षी हिमालयात ट्रेकला जाते. "दरडी वाढल्या आहेत" असं स्थानिक गाइड सांगतात. हे सगळं आत तापणं आणि दरड कोसळणं, याचा नेमका संबंध काय? बर्फ वितळला, दगड सुटला, इतकं सोपं आहे का?

उत्तरकडा | सोमवार, रात्री १०:३०

तितकं सोपं नाही. भेगेतला बर्फ दोन खडकांना सांधतो हे खरं. पण प्रयोगशाळेत असं दिसलं की बर्फाने सांधलेली भेग पूर्ण वितळण्याआधीच कमकुवत होते. उणे १.५ ते शून्य या पट्ट्यात ती सगळ्यात धोकादायक असते. काही वेळा तर बर्फ नसलेल्या भेगेहूनही कच्ची. त्यातून पाणी शिरलं की ते भेगेत दाब देतं, आणि नुसत्या खडकातून जाणाऱ्या उष्णतेच्या मानाने कितीतरी लवकर ऊब खोल पोचवतं.

१५ जुलै २००३ ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या हॉर्नली धारेवरून खडक कोसळला, तेव्हा उघड्या पडलेल्या जखमेत चकचकीत बर्फ दिसला. वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं. २३ ऑगस्ट २०१७ ला स्वित्झर्लंडमधल्या पिझ चेंगालो शिखरावरून सुमारे ३० लाख घनमीटर खडक पडला, आठ पदभ्रमण करणारे गेले, आणि दगडमातीचा लोंढा खाली बोंदो गावात शिरला.

आणि २८ मे २०२५, स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन गाव. वरच्या क्लाइनेस नेस्टहॉर्न शिखराचे खडक बिर्श हिमनदीवर पडत राहिले, तिच्यावर भार वाढला आणि शेवटी हिमनदीच कोसळली. गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. नऊ दिवस आधी, १९ मे ला, ३०० च्या आसपास रहिवाशांना बाहेर काढलं होतं, म्हणून एकच जीव गेला. मी त्या खोऱ्यात तीनदा चालले आहे. काळपट लाकडाची घरं, खिडक्यांत लाल जिरेनियम. बातमी पाहिली त्या दिवशी ऑफिसात कुणी फारसं बोललं नाही.

प्रत्येक घटनेचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, हेही लिहिते. खडकाच्या भेगांची ठेवण, उतार, हिमनदी मागे सरल्याने गेलेला आधार, हे सगळं असतं. पण तोल आधीच नाजूक असलेल्या कड्याच्या आतला सांधा उणे ३ वरून उणे १ वर येणं म्हणजे काय, हे बांधकामातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

गारठा | सोमवार, रात्री ११:१०

मग उत्तराखंडातली चमोलीची दुर्घटना? ती तर ७ फेब्रुवारीला झाली, भर थंडीत.

उत्तरकडा | मंगळवार, सकाळी ८:०५

हाच प्रश्न मला तेव्हा अनेकांनी विचारला. २०२१ मध्ये रोंती शिखराच्या उत्तर कड्यावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला. त्यात जवळपास ८० टक्के खडक होता. तो सुमारे १८०० मीटर खाली आला, घर्षणाने बर्फाचं पाणी झालं, आणि ऋषिगंगा-धौलीगंगेत तो लोंढा उतरला. २०० हून अधिक माणसं गेली. तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यातल्या कामगारांबद्दल मी आजही शांतपणे लिहू शकत नाही, माझं कामच बोगद्यांचं आहे.

तारखेबद्दल : वर सांगितलं तसं, १० मीटर आत जुलैची ऊब जानेवारीत पोचते. त्यामुळे बाहेर फेब्रुवारी आहे म्हणजे कड्याच्या आतही फेब्रुवारीच आहे असं नसतं. त्या कड्यात बोअरहोल नव्हतं, त्यामुळे तिथे ऊब हेच कारण होतं असा दावा मी करणार नाही. पण "थंडीत झालं म्हणजे उष्णतेचा संबंध नाही" हा तर्क चुकीचा आहे.

सिक्कीमचंही जोडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा बांध, घसरून पडला. त्याच्या लाटेने सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं तिस्ता-३ धरण वाहून गेलं. आपण सरोवरांच्या पाण्याकडे बघतो, त्यांच्या काठांच्या तापमानाकडे नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००० पासून पर्माफ्रॉस्टच्या निरीक्षणाचं देशव्यापी जाळं आहे. हिमालयात धरणांच्या वरच्या अंगाला तरी अशी बोअरहोल हवीत, आणि प्रकल्पाच्या खर्चात ती पहिल्या दिवसापासून धरलेली हवीत. हे मी कामाच्या बैठकांतही सांगते, इथेही सांगते.

मुक्कामपोस्ट_लेह | मंगळवार, सकाळी ९:२०

शेवटच्या वाक्याला माझी सही समजा.

पायवाट | मंगळवार, सकाळी ९:४४

पुढच्या ट्रेकला गाइडदादांना विचारणार आहे की कुठल्या उतारावर बर्फ कधी बसतो आणि कधी जातो. त्यांना वर्षांची वर्षं पाठ असतं, कुणी लिहून घेत नाही. लिहून आणते.

हळदपेठ | मंगळवार, रात्री ७:३५

आमच्या मळ्यातल्या विहिरीत तापमापक सोडायचा विचार आहे. साधा बाजारातला आहे. दर रविवारी नोंद ठेवीन, वही केली. दोरीला गाठी मारून खोली कळेल. पण वर ओढेपर्यंत आकडा बदलेल, त्याला काय करावं?

उत्तरकडा | मंगळवार, रात्री ७:५८

काका, तापमापक पाण्याने भरलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवून बाटलीच खाली सोडा, आणि अर्धा तास तिथेच राहू द्या. वर आणल्यावर बाटलीतलं पाणी लगेच तापत नाही, वाचायला वेळ मिळतो. वेळ दर रविवारी तीच ठेवा, आणि त्या दिवशीचं सावलीतलं हवेचं तापमानही शेजारी लिहा. पेवात मात्र उतरू नका, बाटलीच सोडा.

पहिली नोंद इथेच टाका. मी आईलाही सांगितलंय, ती नाशिकच्या विहिरीची घेणार आहे.